एका पाटाएवढी उंची

मी लिफ्ट बसवतोय ही बातमी गिरगावात पोहोचली, तेव्हा मी परळला एका गॅरेजच्या बाकड्यावर बसून कटिंग पीत होतो. बातमी खरी होती. फक्त गिरगावात, मावशीच्या वाडीत, लिफ्ट या शब्दाचा एकच अर्थ होतो, आणि माझ्या मनात होता तो हा नव्हे.

त्या दिवसांत आई मावशीकडे राहत होती. परळच्या हॉस्पिटलात तिचे दोन्ही गुडघे बदलून घेतले त्याला महिना उलटून गेला होता. माझं घर घोडपदेवला, चाळीत तिसऱ्या मजल्यावर. जिना लाकडी, उभा, आणि मधल्या वळणावर इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरकायचं. नव्या गुडघ्यांना तो जिना नको, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मावशीची खोली मात्र खोताच्या वाडीच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर, दारात एकच बुटकी पायरी. आईची थोरली बहीण, लग्न होऊन गिरगावात आली ती तिथलीच झाली. तिने आम्हाला विचारलंसुद्धा नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खाट दाराजवळ ओढून ठेवली आणि फोन केला, "जागा केलीय. थेट इथेच आणा तिला."

मी लोअर परळला एका विमा कंपनीच्या कार्यालयात नोकरी करतो. अपघात झालेल्या गाड्यांचे दावे तपासायचे, फोटो बघायचे, प्रश्न विचारायचे हे माझं काम. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. तालुक्याच्या शाळेत आणि मग तिथल्याच कॉलेजात शिकलो, आणि शाळेला जायचं म्हणजे गावच्या आमच्या वाडीतून खाली रस्त्यापर्यंत उतरून एसटी पकडायची. पावसाळ्यात सकाळी अंधारून आलेलं असायचं, म्हणून आई रोज माझ्याबरोबर खाली यायची आणि एसटी गेल्यावर एकटी वर चढायची. संध्याकाळी पुन्हा तेच. तिचे गुडघे कशाने झिजले हे डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून समजावून सांगितलं तेव्हा ते वय, वजन, हाडं असं काहीबाही बोलत होते. मला मात्र ती चढणच दिसत होती.

त्याच चढणीसाठी मी गाडी घेतली. जुनी, दुसऱ्याने वापरलेली, छोटीशी फोर बाय फोर. चारही चाकांना ताकद देणारी, आखूड, चौकोनी. आमच्या वाडीत पक्का रस्ता जात नाही. खालच्या डांबरी रस्त्यापासून वर एक कच्ची वाट आहे, जांभ्या दगडाची, एक गाडी जेमतेम मावेल एवढी. दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे एकावर एक दगड रचून केलेली कुंपणं. वाटेच्या शेवटच्या वळणावर जमिनीतूनच एक दगड वर आलेला आहे, बरोबर मधोमध. फोडून टाकला असता, पण उजवीकडची जमीन एका चुलत चुलत्याची आणि डावीकडची दुसऱ्याची, आणि दोघांचं म्हणणं असं की तो दगड हीच हद्द. एकाने हात लावला तर दुसरा तक्रार करणार. त्यामुळे तो दगड आमच्या सगळ्यांच्या आधीपासून तिथे आहे आणि आमच्या नंतरही राहील.

ऑपरेशनसाठी आईला मुंबईला आणायला मी हीच गाडी घेऊन गेलो होतो. वर जाताना गाडी कशीबशी निघाली होती, पण खाली उतरताना त्या दगडावर आली आणि खालून असा खाडकन आवाज झाला की मी गारच पडलो. आईला उतरावं लागलं. एका हाताने गडगा धरत, दुसरा माझ्या बायकोच्या खांद्यावर ठेवून ती तेवढी वाट उतरली आणि मी गाडी इंच इंच पुढे सरकवत बाहेर काढली. गाडीत बसताना तिचा चेहरा मी पाहिला होता.

आता प्रश्न परत जाण्याचा होता. नवे गुडघे घेऊन ती चढती वाट चालायची नाही, हे नक्की होतं. मी तिला एकदा सुचवून पाहिलं की वळणापर्यंत गाडी नेऊ आणि पुढे वाडीतली चार मुलं तिला खुर्चीत बसवून नेतील.

"नको," ती म्हणाली. "माणसाक चार जण उचलून न्हेतत ता एकदाच. माका आताच नको."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. पण शिमगा जवळ येत होता. शिमग्याला आमच्याकडे देव पालखीतून घरोघरी येतो, आणि आईने त्या दिवशी घरी नसणं असं कधी झालं नव्हतं. गाडी त्या दगडावरून गेलीच पाहिजे, हे मी मनाशी धरून बसलो.

ऑफिसात बसून मी फावल्या वेळात व्हिडिओ पाहायला लागलो. गाडी उंच कशी करतात, त्यासाठी लांब स्प्रिंगा कुठल्या, शॉकअब्सॉर्बर कुठले, टायर किती मोठा बसतो. जेवढं पाहिलं तेवढा गोंधळ वाढला. म्हणून एका मित्राने सांगितलेल्या गॅरेजात गेलो. परळला, एका बंद गिरणीच्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीत. मालक लालबागचाच, तिशीतला, अंगावर काळा टी-शर्ट, बोलण्यात दर दोन वाक्यांनी हिंदी.

त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि टपावर थाप मारली. "दादा, एक काम करा. दोन इंच लिफ्ट टाका. चारी स्प्रिंगा, चारी शॉकअप नवे. आणि त्याच्यावर एकोणतीसचे टायर. ही आता बकरीसारखी उभी आहे ना, मग वाघ वाटेल."

"वाघ नकोय मला," मी म्हटलं. "एका दगडावरून जायचंय."

"दगड काय घेऊन बसलात? डिव्हायडर चढेल ही! बिल्डिंगमधली पोरं सेल्फी काढायला उतरतील."

त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. लिफ्ट केलेल्या गाड्या, चिखलात, नदीत, डोंगरावर. खरं सांगायचं तर मला त्या आवडल्या. आमच्या वाडीच्या वाटेवरून अशी उंच गाडी वर येताना मला दिसायला लागली. मी पुढच्या शनिवारी गाडी सोडायचं कबूल केलं, तो चहा मागवायला गेला, आणि त्याच वेळी मावशीने माझ्या घरी फोन केला. तो बायकोने उचलला. मी कुठे आहे असं मावशीने विचारलं, आणि बायकोने सांगितलं, "परळला गेलेत. लिफ्ट बसवायचं ठरवतायत. आईंसाठी."

संध्याकाळी मी गिरगावात पोहोचलो तर वाडीच्या तोंडाशीच मावशीच्या वरच्या मजल्यावरचे काका उभे होते. निवृत्त कारकून, वाडीतल्या प्रत्येक अर्जाचा मसुदा त्यांचाच. मला पाहताच पुढे आले.

"अभिनंदन! पण मला एक सांग, मालकाने सही केली कशी? आमचा मालक साधं पन्हळ बदलायला वर्षभर लावतो."

"कसली सही, काका?"

"लिफ्टची रे. आणि शाफ्ट कुठून काढणार? संडासाच्या बाजूने? मागे आम्ही विचार केला होता, तेव्हा इंजिनिअर म्हणाला की भिंत भार घेणार नाही."

मला काही कळेना. मी हो-नाही करत आत शिरलो. मावशी कधी नव्हे ती दारात उभी. तिने हळूच मला बाजूला घेतलं. "अरे, ती दुपारपासून जेवली नाहीये. एवढा खर्च काढायच्या आधी तिला एका शब्दाने विचारायचंस तरी."

आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो.

"आये, काय झाला?"

भिंतीकडेच बघत ती म्हणाली, "तू माका हयच ठेवतलंस?"

"कोण म्हणता?"

"लिफ्ट बसवतंस मां चाळीक? माझ्यासाठी? मगे आता मी हयलीच."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिला वाटलं होतं की आपला मुलगा आपल्यासाठी तीन मजल्यांची लिफ्ट घालतो आहे, म्हणजे आता आपण गावी जायचं नाही, हे त्याने ठरवून टाकलं आहे. दुपारभर ती त्याच विचारात बसली होती. माझ्यावर रागावायचं तरी कसं? मी तर तिच्यासाठीच करत होतो. आणि रागावता येत नाही म्हणून ती जेवली नव्हती.

"आये, ती लिफ्ट चाळीक नाय गो," मी म्हटलं. "गाडयेक."

ती माझ्याकडे वळली. "गाडयेक लिफ्ट? गाडी खंयच्या माळ्यार जातली?"

मावशी आधी हसली. मग मी हसलो. आई हसली नाही. तिला नीट समजून घ्यायचं होतं. मग मी तिला सगळं सांगितलं. गाडीच्या खाली स्प्रिंगा असतात, त्या लांब घातल्या की गाडी वर उचलली जाते, टायर मोठे घातले की आणखी वर, मग तो दगड खाली राहतो आणि गाडी त्याच्यावरून जाते. गाडी उंच करायला त्या धंद्यात लिफ्ट म्हणतात. हे सगळं तिला शिमग्याआधी घरी नेण्यासाठीच आहे.

ऐकता ऐकता तिचे खांदे खाली आले. माझ्या मनावरचंही काहीतरी उतरलं. मावशीने ताट आणलं आणि आई जेवायला बसली. काकांना कळवायला मावशी वर गेली, आणि वरून त्यांचा निराश आवाज आला, "म्हणजे भिंत घेणार नाही हे खरंच होतं!"

आईने दोन घास खाल्ले असतील. मग हात थांबवून म्हणाली, "आणि मी चढतलंय कशी?"

"कुठे?"

"गाडयेत. तू ती उंच करतंस. मी चढतलंय कशी?"

इतके दिवस मी गाडीच्या पोटाकडे पाहत होतो. सीटकडे पाहिलंच नव्हतं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी तिला गाडीत बसायची पद्धत शिकवली होती: पाठमोरं सीटकडे जायचं, आधी बसायचं, मग दोन्ही पाय उचलून आत घ्यायचे. आमच्या गाडीची सीट तिच्या कमरेला जेमतेम टेकायची. टाचा थोड्या उचलल्या की ती बसू शकत होती. त्यापेक्षा उंच झाली तर पायाखाली काहीतरी ठेवावं लागणार. आणि पायाखाली ठेवायचं म्हणजे काय, याचंही उत्तर घरातच होतं. त्या बाईंनी पायरी चढायचा सराव पाटावर सुरू केला होता. जेवायला बसायचा साधा लाकडी पाट. रोज सकाळी मावशी भिंतीला लागून पाट ठेवायची आणि आई खिडकीचा गज धरून त्याच्यावर चढायची, उतरायची.

जेवण झाल्यावर आम्ही करून पाहिलं. एक पाट ठेवला. आई चढली, सहज. मावशीने त्यावर दुसरा पाट ठेवला. आईने गज घट्ट धरला, पाय वर ठेवला, जोर केला आणि तिच्या कपाळावर आठी आली. मी पुढे झालो.

"नाय होवचा," ती म्हणाली आणि पाय खाली घेतला. "एक पाट. दुसरो नाय."

मी मोबाइलवर हिशेब केला. त्या गॅरेजवाल्याची लिफ्ट आणि मोठा टायर मिळून गाडी जेवढी उंच होणार होती, ती उंची बरोबर दोन पाटांची भरत होती. म्हणजे गाडी दगडावरून जाईल, पण आई गाडीत बसणार नाही. फळी लावा, शिडी लावा, असं मावशी सुचवत राहिली. मला ते ऐकू येत होतं, पण मनात घुसत नव्हतं. घोटाळा मिटला म्हणून जे हलकं वाटलं होतं ते सगळं परत जड झालं.

निघताना आईने हाक मारली. "तो दगड लागलो खंय, ता बघलंस?"

"काय?"

"गाडयेक. लागलो खंय?"

मी लहानपणी कुठेही धडपडून रडत आलो की ती आधी औषध, हळद काही काढायची नाही. आधी मला उभं करून गुडघे, कोपर, डोकं सगळं चाचपून बघायची आणि विचारायची, लागलं कुठे? माझं बोंबलणं एकीकडे आणि लागलेलं दुसरीकडे, असं पुष्कळदा निघायचं. तोच प्रश्न तिने आता विचारला होता, त्याच आवाजात. आणि गंमत म्हणजे माझ्या नोकरीत मी दर आठवड्याला हाच प्रश्न लोकांना विचारतो.

दुसऱ्या दिवशी मी परळला गेलो आणि गॅरेजवाल्याला म्हटलं, आधी गाडी रॅम्पवर घे. ती वर गेल्यावर मी खाली शिरलो. मला वाटलं होतं की गाडीच्या मधल्या भागाला, पत्र्याला लागलं असेल. पत्रा स्वच्छ होता. मी बॅटरी मारत मागे सरकलो. मागच्या दोन चाकांना जोडणारा जो जाड लोखंडी दांडा असतो त्याच्या मध्यावर एक गोल फुगीर डबा असतो. त्याच्यात दातेरी चाकं असतात, आणि इंजिनाची ताकद तिथून दोन्ही चाकांना वाटली जाते. त्या डब्याच्या अगदी तळाला रंग खरवडलेला होता आणि लाल मातीची रेघ अजून चिकटलेली होती. लोखंड दबलं नव्हतं. नुसतं घासलं होतं.

मी गॅरेजवाल्याला हाक मारली. तो वाकला, पाहिलं, आणि त्याने जीभ चावली.

"अरे तेरी. इथे लागलं होय?" तो म्हणाला. "दादा, मग लिफ्टचा काही फायदाच नाही."

"का?"

"हे बघा." त्याने हाताने स्प्रिंग दाखवली. "स्प्रिंग ह्या दांड्याच्या वर बसते. ती लांब केली की बॉडी वर जाणार. दांडा जिथल्या तिथे. तो चाकावर बसलाय ना. तो फक्त टायरने उठतो. टायर मोठा तेवढा दांडा वर, तोही निम्मा."

"निम्मा म्हणजे?"

"टायर वरच्या बाजूलाही वाढतो, खालच्या बाजूलाही. आपल्या कामाचा फक्त खालचा."

मी रॅम्पखालीच उभा राहून हसायला लागलो. त्याला वाटलं मी त्याच्यावर हसतोय. मग त्याला आईची, पाटाची, चाळीतल्या लिफ्टची गोष्ट सांगितली. लिफ्टपाशी पोहोचलो तेव्हा तोही हसला, इतका की शेजारच्या वेल्डिंगवाल्याने चष्मा वर करून पाहिलं.

"दादा, माझी लिफ्ट बसलीच," तो म्हणाला. "पार खाली बसली! मी काल स्प्रिंगांची ऑर्डर टाकणार होतो."

"टाकलीस का?"

"तुमच्या आईच्या नशिबाने नाही टाकली. सांगा त्यांना, माझं गिऱ्हाईक त्यांनी पळवलं."

मग आम्ही टायर निवडायला बसलो, आणि हे काम मला मनापासून आवडलं. चिखलासाठीचे मोठ्या खाचांचे टायर त्याने आधीच बाजूला काढून ठेवले होते. ते मी परत ठेवायला सांगितले. मुंबई ते गाव एवढा डांबरी रस्ता, आईच्या गुडघ्यांना हादरा नको, आणि अशा टायरांचा रस्त्यावर घुंई घुंई आवाज येतो तो वेगळाच. डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारे मध्यम खाचांचे टायर पुरेसे होते. मापही आम्ही आवरतं घेतलं. एकेक टायर तात्पुरता बसवून तो स्टीअरिंग पूर्ण वळवायचा आणि मी वाकून बघायचो, आत कुठे घासतो का. सगळ्यात मोठा घासला. त्याच्या खालचा पुढच्या चिखलपत्र्याला नुसता चाटून गेला. पत्रा जरा मागे घेतल्यावर तेही थांबलं.

"आणि कागदपत्रं?" मी विचारलं.

"कोण बघतंय दादा? पोलीस काय टेप घेऊन उभा आहे?"

"मी बघतो," मी म्हटलं. "माझी नोकरीच ती आहे."

त्याने कपाळावर हात मारला. मी नियमाप्रमाणे काय चालतं ते परिवहन कार्यालयात विचारलं, विम्यात टायरांची नोंद करून घेतली, आणि मगच टायर कायमचे बसवले. पाचवा, स्टेपनीचा, तोही त्याच मापाचा.

नव्या टायरांनी तो गोल डबा बोटभर वर आला. बोटभरच. मी टेपने दोनदा मोजलं. दगड किती वर आहे हे मुंबईत बसून मला मोजता येत नव्हतं. खरवडलेला रंग पाहता बोटभर पुरावं असं वाटत होतं. वाटणं आणि होणं यांच्यामध्ये जे अंतर असतं ते मला ऑफिसात रोज दिसतं, त्यामुळे मी आईला वचन दिलं नाही. म्हटलं, करून बघू. नाहीच झालं तर परत येऊ.

निघायच्या सकाळी गाडी वाडीच्या तोंडाशी लावली. काका खाली आले होते. मावशीने पाट आणून दाराखाली ठेवला, आई त्यावर उभी राहिली, पाठमोरी होऊन टेकली, आणि मी हात द्यायच्या आत पाय उचलून आत बसलीसुद्धा. तिने साडी नीट केली आणि समोर पाहिलं, जणू ती रोजच अशी बसते. मावशीचे डोळे भरले होते, पण ती म्हणाली एवढंच, "पाट परत पाठव गं, जोडीचा आहे."

बायको आईच्या मागच्या सीटवर बसली. आम्ही सावकाश गेलो. थांबत थांबत. प्रत्येक थांब्यावर तोच पाट, तेच बसणं. आईने एका ठिकाणी चहावाल्याला सांगितलं की माझे गुडघे नवे आहेत आणि गाडीचे टायरही नवे. त्याने दोघांनाही शुभेच्छा दिल्या.

खालच्या रस्त्यावरून वाट वर वळली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मी फोर बाय फोर लावलं, टायरांतली हवा थोडी कमी करावी असं क्षणभर मनात आलं, पण हवा गेली की उंचीही जाणार म्हणून केली नाही. आईने दारावरची मूठ धरली. शेवटचं वळण आलं. दोन्ही बाजूंचे गडगे आरशांना लागतील इतके जवळ आले आणि तो दगड गाडीच्या नाकाखाली नाहीसा झाला.

आता फक्त ऐकायचं होतं. मी ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवत होतो. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चाकं चढायला लागली. कुठल्याही क्षणी तो आवाज येणार, आई उतरणार, पुन्हा एका हाताने गडगा धरणार. मी तसाच हळूहळू रेटत राहिलो.

"गेलो," आई म्हणाली.

"कोण?"

"दगड. गेलो मागे."

मी आरशात पाहिलं. तो खरोखर मागे होता. लाल, कोरडा, दोन चुलत्यांच्या मध्ये. आमची गाडी त्याच्या पुढे आली होती आणि काहीही वाजलं नव्हतं. मी गाडी तिथेच थांबवली. बायकोने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबलंस कित्याक?" आई म्हणाली. "चल. काळोख होतलो."

काळोख व्हायला खूप वेळ होता. मी गाडी वर घेतली आणि सरळ घरासमोरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी केली. शेजारच्या काकू धावत आल्या, आईने त्यांना हात केला आणि पाटावर पाय ठेवून खाली उतरली. ओटीच्या कडेला टेकून तिने सगळीकडे नजर फिरवली. घर बंद असताना खळ्याला भेगा गेल्या होत्या, पालापाचोळा पडला होता.

"गाडी खळ्यातसून काढ," ती म्हणाली. "सारवूक व्हया. पालखी येतली मां."

"आत्ता? तुला खाली बसायचं नाहीये, आये. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"मी खंय बसतंय? तू बस." ती काकूंकडे वळली. "गो, बालदी दी ह्येका. आणि शेण खंय आसा ता दाखव."

बायको हसत सुटली आणि घरात पळाली. मी गाडी मागे घेऊन आंब्याखाली लावली, बाह्या दुमडल्या आणि बादली घेतली. पुढचा तासभर आई ओटीवर खुर्चीत पाय लांब करून बसली होती आणि मी वाकून खळं सारवत होतो. शाळेत असताना मी हे काम चुकवायला अभ्यासाचं निमित्त सांगायचो आणि ती ते खरं मानायची. आता निमित्त उरलं नव्हतं. हात एका दिशेनेच फिरव, पाणी जास्त झालं, तिथे बोटं उमटलीत, असं ती वरून सांगत राहिली.

"थंय रवला बघ," तिने कोपऱ्याकडे बोट केलं.

मी बादली उचलली आणि कोपऱ्याकडे सरकलो.